भीमा-सीनेच्या काठी मऊ पाठीचे लहान कासव कसे ओळखावे

सोलापूर जिल्ह्यात कासव पाहिल्याचे सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. परंतु कोणते कासव पाहिले असे विचारले, की उत्तर बहुधा "पाण्यातले" एवढ्यावरच थांबते. भीमा, सीना आणि बोरी या नद्यांचे डोह, उजनीच्या जलाशयाचा फुगवटा, हिप्परग्याचा तलाव, गावोगावचे पाझर तलाव, उसाच्या पट्ट्यातील कालवे आणि जुन्या दगडी विहिरी अशा नाना ठिकाणी कासवे राहतात, आणि त्यांतील काहींची जात आज गंभीर धोक्यात आहे. अशा एखाद्या पाणवठ्यावर वीतभर लांबीचे कासव नजरेस पडले, तर त्याला हात न लावता ते कोणते हे कसे ठरवावे, याची रीत येथे सांगितली आहे.

आपल्याकडे मऊ पाठीच्या कासवांच्या दोन जातींचा विचार करावा लागतो. पहिली जात फ्लॅपशेल कासवाची, शास्त्रीय नावाने लिसेमिस पंक्टाटा. पूर्ण वाढलेल्या फ्लॅपशेलची पाठ साधारणपणे २० ते २८ सेंटिमीटर भरते आणि फार मोठी मादी ३७ सेंटिमीटरच्या आसपास जाते. एके काळी सर्वत्र आढळणारे म्हणून दुर्लक्षिलेले हे कासव आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आता 'असुरक्षित' या वर्गात आले आहे. दुसरी जात लीथच्या सॉफ्टशेल कासवाची, म्हणजे निल्सोनिया लीथीची. हे कासव भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन पुण्याच्या नमुन्यावरून केले, आणि पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळत असल्यामुळे ते आपल्याच नदीखोऱ्याचे कासव म्हणावे लागते. मोठेपणी त्याची पाठ ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते, त्यामुळे त्याला लहान म्हणता येत नाही. तथापि त्याचे पिल्लू किंवा अर्धवट वाढलेले कासव फ्लॅपशेलएवढेच दिसते, आणि ओळखण्यात घोटाळा होतो तो याच वयात. लाल यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे. म्हणून भीमेच्या काठी लहान मऊ पाठीचे कासव दिसले, तर ते फ्लॅपशेल आहे की लीथचे पिल्लू, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा. फ्लॅपशेलच असणार असे गृहीत धरू नये.

पहिली नजर पाठीवर

पाठीवर चौकटी आहेत की सलग कातडे आहे, हे सर्वांत आधी पाहावे. आपल्या मनातील कासवाचे चित्र देवळातून आलेले असते. सभामंडपात नंदीच्या पुढ्यात कोरलेल्या कासवाच्या पाठीवर रेखीव चौकटी असतात, आणि म्हणूनच पाण्यातून बाहेर आलेली गुळगुळीत, ओलसर, एकसंध पाठ पाहिली की अनेकांना ते कासव वाटतच नाही. मऊ पाठीच्या कासवांच्या कवचावर खवल्यांच्या चकत्या नसतात. आतील हाडांच्या ढालीवर थेट कातडे पसरलेले असते, आणि ते ओले असताना चकाकते, तर वाळल्यावर निस्तेज, मातकट दिसते. चौकटी स्पष्ट दिसल्या, तर या लेखातील दोन्ही जाती बाद झाल्या असे समजून कठीण पाठीच्या कासवांकडे वळावे. त्यांविषयी पुढे थोडक्यात सांगितले आहे.

पाठ कातडी ठरली, की ती बाजूने कशी दिसते हे पाहावे. फ्लॅपशेलची पाठ बऱ्यापैकी फुगीर असते. काठावर बसलेल्या कासवाकडे समोरून किंवा आडवे पाहिल्यास तिचा उंचवटा सहज लक्षात येतो आणि मागची कडा घट्ट, आवरलेली वाटते. त्या कडेत लहान लहान हाडे असतात, आणि मऊ पाठीच्या इतर कासवांमध्ये ती नसतात. लीथच्या कासवाची पाठ याउलट थापलेल्या भाकरीसारखी चपटी, मध्ये जरा जाड आणि कडांना पातळ असते. मागची कडा हाडाविना नुसत्या कूर्चेची असल्यामुळे चालताना ती लवते. दुर्बिणीतून हा फरक बराच लांबून कळतो, आणि रंगापेक्षा तो अधिक विश्वासाचा आहे.

रंगावर विसंबू नये, असे येथेच सांगितलेले बरे. दोन्ही कासवे शेवाळी, तपकिरी आणि करडी यांच्या मधल्या छटांची असतात. काळ्या मातीच्या गढूळ पाण्यातून आलेल्या कासवाला तर गाळाचाच रंग चढलेला असतो. पुस्तकांत आणि मोबाइलवर फ्लॅपशेलची जी ठळक पिवळ्या ठिपक्यांची छायाचित्रे दिसतात, ती उत्तर भारतातील उपजातीची असतात. दक्षिणेकडील प्रौढ कासवांच्या पाठीवर तसे ठिपके नसतात, आणि ठिपके नाहीत म्हणून ते फ्लॅपशेल नव्हे असा निष्कर्ष सोलापुरात काढला, तर जवळजवळ प्रत्येक नोंद चुकेल. अगदी क्वचित संपूर्ण पिवळे फ्लॅपशेलही जन्मते. २०२० साली ओडिशातील बालासोर जिल्ह्यात असे एक सापडले आणि ती वेगळीच जात असल्याची चर्चा समाजमाध्यमांवर चालली. प्रत्यक्षात रंगद्रव्याच्या अभावामुळे झालेला तो बदल होता.

डोके आणि पाठीवरचे डोळे

पाण्यातील कासवाचे बहुधा डोकेच दिसते, म्हणून डोक्याच्या खुणा नीट ध्यानात ठेवाव्यात. लीथच्या कासवाचे डोके हिरवट असते. दोन डोळ्यांच्या मधून निघालेली एक काळी रेघ मानेकडे मागे जाते, आणि त्या रेघेपासून दोन्ही बाजूंना तिरप्या काळ्या रेघांच्या दोन-तीन जोड्या फुटतात. लहान वयात ही नक्षी स्पष्ट असते, वय वाढते तशी पुसट होते. मुस्कट लांबट, नळीसारखे असते. फ्लॅपशेलचे मुस्कट तुलनेने आखूड आणि जाड असते. त्याच्या डोक्यावर व मानेवर काही वेळा फिकट पिवळसर रेघा दिसतात, परंतु मध्यावरून मागे जाणारी काळी रेघ आणि तिला फुटलेल्या तिरप्या रेघा अशी रचना नसते. उत्तरेतील गंगेच्या सॉफ्टशेल कासवाच्या डोक्यावरही काळ्या तिरप्या रेघा असतात, पण ते गंगा, सिंधू आणि महानदीच्या खोऱ्यांतील कासव आहे. भीमेत तशी रेघ दिसल्यास आधी लीथचाच विचार करावा.

पाठीवरची खूण तर पिल्लाच्या बाबतीत जवळपास निर्णायक ठरते. लीथच्या पिल्लाच्या करड्या पाठीवर चार ते सहा गोल डोळे असतात, म्हणजे मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकट कडे असलेली वर्तुळे. ती पाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण समोरासमोर असतात. तळहाताएवढ्या मऊ पाठीच्या कासवावर अशी वर्तुळे दिसली, तर ते फ्लॅपशेल नव्हे. मात्र याच्या उलट विधान करता येत नाही, कारण कासव मोठे होता होता ही वर्तुळे विरतात आणि त्यांच्या जागी पिवळसर, वाकड्यातिकड्या रेषांचे जाळे उरते. शिवाय पाठीवर गाळ बसलेला असेल, तर असलेली वर्तुळेही दिसत नाहीत. म्हणजे वर्तुळे दिसणे हा पुरावा आहे, न दिसणे हा पुरावा नाही.

पोटाकडची खूण, आणि ती पाहण्याची रास्त संधी

फ्लॅपशेलची खरी ओळख त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला असते. पोटकवचाच्या मागील भागाला दोन्हीकडे एकेक अर्धगोल, मांसल झडप जोडलेली असते. कासवाने मागचे पाय आत ओढले, की या झडपा वर उचलल्या जाऊन पायांवर बसतात आणि पाय पूर्ण झाकले जातात. पुढच्या बाजूला पोटकवचाचा पुढचा भाग बिजागरीवर फिरल्यासारखा वर येतो, त्यामुळे डोके आणि पुढचे पायही बंदिस्त होतात. पोट फिकट, दुधाळ रंगाचे असते आणि त्यावर कातड्याखालून जाणवणारे खरबरीत, किंचित गडद चट्टे असतात. प्रौढ फ्लॅपशेलमध्ये त्यांची संख्या सातपर्यंत जाते. लीथच्या कासवाला झडपा नाहीत. ते उलटे असेल, तर मागचे पाय आत ओढल्यावरही उघडेच दिसतात.

एवढी निर्णायक खूण असताना ती पाहण्यासाठी कासव उचलून उलटे करण्याचा मोह होतो. तो पूर्णपणे टाळावा. फ्लॅपशेल हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा असून १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्यासाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला, तरी मऊ पाठीच्या कासवाची मान पाठीच्या बऱ्याच मागेपर्यंत वळते, आणि त्याचा चावा मांसल ओठांमागील धारदार जबड्याचा असल्याने बोट सुटत नाही, हे कोळी आणि भोई समाजातील कोणीही मासेमार सांगेल.

पोट पाहण्याची रास्त संधी मासेमारांच्या जाळ्याजवळ मिळते. उजनीच्या फुगवट्यावर सकाळी जाळी काढली जातात, तेव्हा मासळीबरोबर अधूनमधून कासवही गुंतलेले येते आणि ते सोडवून पाण्यात टाकले जाते. त्या वेळी जवळ उभे राहण्याची परवानगी घ्यावी, घाई करू नये आणि जाळे सोडवणाऱ्याच्या हातात असताना जे दिसेल तेवढेच पाहावे. जाळ्याचा दोरा पुढच्या पायात अडकलेला असला, तर सोडवताना कासव आपोआप कलते आणि मागची बाजू क्षणभर समोर येते. तेवढ्या वेळात पायांवर झडप बसते की नाही हे पाहून होते. आधी मनाशी ठरवून ठेवावे की नजर थेट मागच्या पायांकडे न्यायची, कारण न ठरवता पाहणाऱ्याची नजर फुत्कारणाऱ्या तोंडाकडे जाते आणि हवी ती खूण निसटते.

मासेमारांना पूर्वीच्या दर्शनाविषयी विचारतानाही प्रश्न नेमका हवा. "मामा, इथं कासव असतं का?" या प्रश्नाला "असतंय की" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी "पाठीवर चौकटी होत्या का सलग कातडं होतं? जाळ्यातनं सोडवताना मागचं पाय झाकून घेतलं का?" असे विचारले, तर पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस क्षणभर थांबून बरेच काही सांगतो. एकाच्या सांगण्यावरून जात मात्र लिहू नये. तिथे पुन्हा जाण्यासाठी तो चांगला आधार आहे, इतकेच.

कुठे आणि केव्हा पाहावे

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. फ्लॅपशेल या हवामानाशी चांगले जुळवून घेते. उथळ, चिखलाच्या, पाणवनस्पती माजलेल्या तळ्यात ते सुखाने राहते आणि पाणी आटले की गाळात शिरून पडून राहते किंवा जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते. म्हणून पहिल्या जोरदार पावसानंतरच्या पहाटे शेताच्या बांधावर किंवा डांबरी रस्त्यावर मऊ पाठीचे कासव चालताना दिसले, तर ते फ्लॅपशेल असण्याची शक्यता फार मोठी असते. लीथचे कासव प्रामुख्याने मोठ्या पाण्याचे, म्हणजे नदीचे खोल डोह आणि जलाशय यांतले आहे. हत्तरसंग-कुडलजवळ सीना भीमेला मिळते तसले संगम, पंढरपूरच्या वरचे-खालचे डोह आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा विस्तीर्ण फुगवटा येथे पाहताना लीथची शक्यता सतत मनात असावी. गावतळ्यात किंवा विहिरीत ती बरीच कमी होते. जागा ही खूण नव्हे. तिच्यामुळे एखाद्या जातीकडे पारडे झुकते, निकाल मात्र लागत नाही.

पाहण्यास सर्वांत सोयीचा काळ थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत ऊन चढल्यानंतर, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, कासवे काठावर किंवा पाण्यातून वर आलेल्या दगडांवर ऊन खायला येतात. सूर्य पाठीशी घेऊन, धरणाच्या भिंतीवर उभे न राहता तिच्या उतारावर खाली बसावे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर हलणारी आकृती दिसली, की कासव पाण्यात घसरते आणि मग बराच वेळ वर येत नाही. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा असेल, तर उथळ पाण्यातील पाठही दिसते.

श्वास घ्यायला वर आलेल्या कासवाचे फक्त नाक पाण्याबाहेर येते. दोन नाकपुड्यांचे बोटभर टोक स्थिर पाण्यात अचानक उगवते, थोडा वेळ तसेच राहते आणि आवाज न करता सरळ खाली जाते. विरोळ्याचे डोके पाण्यात पुढे सरकते आणि मागे शरीराची नागमोडी लाट दिसते. मासा उसळतो तेव्हा पाणी फुटते. नाकाचे टोक पुन्हा त्याच भागात येते, म्हणून पहिल्यांदा दिसलेली जागा काठावरच्या एखाद्या झुडपाशी जोडून लक्षात ठेवावी आणि दुर्बीण तेथेच रोखून थांबावे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कासव डोकेही वर काढते.

मे महिन्यातील एक प्रसंग वेगळा सांगायला हवा. आटलेल्या पाझर तलावांतून जेसीबीने गाळ काढला जातो आणि शेतकरी तो ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरवतात. गाळात विसावलेली फ्लॅपशेल कासवे या कामात उघडी पडतात आणि कधी ट्रॉलीबरोबर शेतात पोचतात. गाळाच्या ढिगात वाळलेल्या मातीने लिंपलेला गोल दगडासारखा गोळा दिसला, तर तो उचलून फेकण्यापूर्वी निरखून पाहावा. उन्हात उघडे पडलेले असे कासव सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवून वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. जात ओळखण्याचे काम तेव्हा दुय्यम असते. त्याला बादलीभर पाण्यात बुडवून ठेवू नये. हवा घेण्यासाठी त्याला नाक वर काढावेच लागते आणि उभट बादलीत ते धडपडून दमते.

कठीण पाठीची कासवे आणि नखांचा हिशेब

पाठीवर चौकटी आणि मागेपर्यंत गेलेल्या तीन उभ्या कडा दिसल्या, रंग काळपट-तपकिरी असला, तर ते भारतीय काळे कासव, मेलॅनोकेलिस ट्रायजुगा, होय. डोळ्यांच्या मागे लाल पट्टा आणि मानेवर पिवळे पट्टे असलेले हिरवे कासव अमेरिकेतील रेड-इअर्ड स्लायडर असते. हौसेने विकत घेऊन, कंटाळा आल्यावर शहरातल्या तळ्यांत सोडून दिलेले. ते परके आणि स्थानिक कासवांना अपायकारक असल्याने त्याचीही नोंद करावी. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांची नक्षी आणि खांबासारखे पाय असलेले जमिनीवरचे कासव म्हणजे स्टार कासव. सोलापूरच्या परिसरात ते सापडल्यास बहुधा कोणाच्या तरी घरातून सुटलेले किंवा तस्करीतून आलेले असते, म्हणून तेही वन विभागाला कळवावे.

नखांची गणती हे कठीण आणि मऊ पाठीची कासवे वेगळी करण्याचे उत्तम साधन आहे. मऊ पाठीच्या दोन्ही जातींना प्रत्येक पायाला बोटे पाच असली, तरी नखे तीनच असतात, म्हणजे एकूण बारा. काळ्या कासवाला सामान्यतः पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी अठरा. दुर्बिणीतून किंवा छायाचित्रात एका पायाची नखे मोजता आली, तरी काम होते. चिखलातील पाऊलखुणांतही हे दिसते: ओल्या गाळावर दोन रांगांत तीन-तीन समांतर ओरखडे आणि मध्ये पोट घासत गेल्याचा सपाट पट्टा असेल, तर मऊ पाठीचे कासव तेथून गेले आहे असे मानण्यास हरकत नाही.

नखांविषयी आपल्या भागात एक घातक समजूत आहे, आणि तिचा उल्लेख टाळून चालणार नाही. वीस नखांचे कासव पैशांचा पाऊस पाडते असे सांगून फसवणूक करणाऱ्या टोळ्या अशा कासवांच्या शोधात असतात, आणि जिवंत कासवांची नखे मोजून त्यांची खरेदी-विक्री होते. असा शोध घेणारा कोणी "त्या तळ्यात कासव आहे म्हणे, कुठल्या बाजूला?" असे विचारू लागला, तर उत्तर देऊ नये. मांसासाठी आणि परदेशी व्यापारासाठी होणारी तस्करी तर याहून कितीतरी मोठी आहे. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात एकाच कारवाईत सहा हजारांहून अधिक फ्लॅपशेल कासवे जप्त झाली होती.

हाडांवरून ओळख

आटलेल्या तलावाच्या तळाशी किंवा रस्त्याकडेला मेलेल्या कासवाचे अवशेष सापडतात आणि त्यांवरूनही जात कळते. मऊ पाठीच्या कासवाच्या पाठीच्या हाडांवर बारीक खळगे आणि दाणेदार नक्षी असते. ढालीच्या मागच्या कडेला सुटी, लहान लहान हाडे ओळीने पडलेली असतील, तर ते फ्लॅपशेल. अवशेषांचे छायाचित्र घ्यावे, मोजमाप घ्यावे, परंतु ते घरी आणू नयेत. संरक्षित प्राण्याचा भाग बाळगणे हाही गुन्हाच आहे.

छायाचित्र आणि नोंद

एका छायाचित्रात सगळ्या खुणा येत नाहीत. शक्य असल्यास पाठ वरून, पाठीचा उंचवटा आडव्या बाजूने आणि डोके जवळून, अशी तीन चित्रे घ्यावीत, आणि त्यांत डोक्याचे चित्र पहिले घ्यावे, कारण कासव आधी डोके आत घेते. चित्रासाठी जवळ जाऊन त्याला पाण्यात पळवणे म्हणजे पुढच्या अर्ध्या तासाचे निरीक्षण गमावणे होय. आकाराचा अंदाज नजरेने करू नये. पाण्यावरून पाहताना वीतभर कासव हातभर वाटते. ते गेल्यावर, ज्या दगडावर बसले होते त्या दगडाची लांबी मोजावी आणि कासवाने दगडाचा किती भाग व्यापला होता ते आठवून हिशेब करावा.

नोंदीत जातीच्या नावापुढे खात्रीचा दर्जा लिहिण्याची सवय लावावी. झडपा, पाठीवरचे डोळे किंवा डोक्यावरची काळी रेघ यांपैकी काही प्रत्यक्ष दिसले असेल, तरच "खात्रीशीर" लिहावे. पाठीचा आकार आणि जागा यांवरून मत झाले असेल, तर "बहुधा". नुसते नाक आणि ओली पाठ दिसली असेल, तर "मऊ पाठीचे, जात अनिश्चित" असे लिहून मोकळे व्हावे. या तिसऱ्या प्रकारच्या नोंदीला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण त्या ठिकाणी पुन्हा जायला हवे हे तिच्यामुळेच कळते. उलट अंदाजाने लिहिलेले "फ्लॅपशेल" लीथच्या एखाद्या पिल्लाला कायमचे दृष्टीआड करू शकते. तारीख, वेळ, तालुका, पाण्याचा प्रकार, पाण्याची पातळी चढती की उतरती, आणि आसपास जाळी, वाळूउपसा किंवा पंप होते काय, एवढे त्यासोबत लिहावे.

शेततळ्याचा उल्लेख नोंदीत आवर्जून असावा. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात उतरलेले कासव गुळगुळीत उतारामुळे बाहेर येऊ शकत नाही. तळ्याच्या मालकाला सांगून एका कोपऱ्यात काथ्याची जाड जाळी किंवा शिवलेली गोणपाटे पाण्यापर्यंत सोडून वर खुंटीला बांधली, की कासव स्वतःच चढून जाते आणि तेवढ्या वेळात पाठ, मान, नखे सारे निवांत पाहता येते. विहिरीत सोडलेले कासव दिसल्यास मात्र ते परस्पर काढून नदीत नेऊ नये. ते कुठून आले आणि कोणत्या जातीचे आहे हे पाहून निर्णय घेणे वन विभागाचे काम आहे.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या, सजीवांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळांवर नोंद टाकताना नेमके स्थान झाकलेले आहे याची खात्री करून घ्यावी, आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ठिकाणासह चित्र कधीही टाकू नये. जाणकाराकडे तपासणीसाठी चित्र पाठवायचे असल्यास मूळ फाईल ईमेलने पाठवावी, कारण व्हॉट्सॲपवरून आकार कमी होऊन गेलेल्या चित्रात डोक्यावरची काळी रेघ सर्वांत आधी पुसट होते, आणि तपासणारा नेमकी तीच शोधत असतो.